त्यांना पुढचं ठाऊक नव्हतं

नववीत इतिहासाच्या पेपरात कोंढाण्याच्या लढाईवर मोठा प्रश्न आला होता. मी पुरवणी मागून मागून लिहिलं. दोर कापले, शेलारमामा गरजले, आणि शेवटी महाराजांच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य घातलं, "गड आला पण सिंह गेला." पेपर परत मिळाला तेव्हा गुण पूर्ण होते, पण त्या वाक्याशेजारी समासात बाईंनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता. "आधार?"

मी विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार. शोध."

शोधायला बरीच वर्षं गेली. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे त्या लढाईनंतर तीस वर्षांच्या आत, जी बखर लिहिली तिच्यात महाराजांच्या तोंडी जवळपास तेच दुःख आहे, पण शब्द वेगळे आहेत. एक गड घेतला, परंतु एक गड गेला. सिंह नाही. 'सिंहगड' हे नावही 1670च्या त्या लढाईआधीच्या पत्रांत आढळतं. मी पेपरात लिहिलेलं वाक्य घराघरांत पोचलं ते मुख्यतः हरि नारायण आपट्यांच्या 1903 सालच्या कादंबरीमुळे, कारण तेच तिचं नाव आहे.

हे कळलं तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. सभासदाचं वाक्य मला अधिक आवडलं, कारण त्यात बोलणारा माणूस दमलेला आहे. घेतला आणि गेला, हिशेब सरळ मांडलाय. आणि तरी आपट्यांची कादंबरी माझ्या मनातून उतरली नाही. एकाच वेळी दोन्ही कसं शक्य आहे, या प्रश्नाने मला तेव्हा धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही.

पुढे मी मुद्रितशोधनात आले. सव्वीस वर्षं झाली. आधी गॅल्या यायच्या, आता पीडीएफ येतात, पण मी अजून छापून घेऊन लाल पेनानेच वाचते. या काळात ऐतिहासिक कादंबऱ्यांची प्रुफं किती वाचली याची मोजदाद ठेवलेली नाही. ऱ्हस्वदीर्घ बघायचं काम माझं. पण समास समोर मोकळा असतो आणि बाईंचा शब्द डोक्यात असतो, त्यामुळे हळूहळू मीही तिथे "आधार?" लिहायला लागले.

पहिल्या वर्षांत मला वाटायचं की काळाच्या चुका म्हणजे वस्तूंच्या चुका. एका हस्तलिखितात शिवकाळातला पहारेकरी काडी ओढून मशाल पेटवत होता. घासून पेटणारी काडी आली ती 1826-27च्या सुमारास, इंग्लंडात. मी खूण केली, लेखकाने चकमक घातली, विषय संपला. एका ठिकाणी सरदार "पाच मिनिटांत येतो" म्हणाला. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, अशी ज्याची मोजणी, त्याच्या तोंडी मिनिट कुठून येणार? पण हे दुरुस्त करणं सोपं. "पळभर थांबा" हे आपण आजही म्हणतो. पाण्यात तरंगणारं भोक पाडलेलं वाडगं चोवीस मिनिटांनी बुडायचं आणि पहारेकरी टोला द्यायचा, ती 'घटका भरली' आपल्या बोलण्यात अजून आहे. भाषेनेच जुनं सामान सांभाळून ठेवलेलं असतं, मागितलं की देते.

मग एका प्रुफात एक वाक्य आलं, त्याने माझी सगळी समजूत बदलली. मराठ्यांची सेना उत्तरेकडे निघाली आहे, 1760चा वसंत आहे, आणि एक तरुण शिलेदार बायकोचा निरोप घेताना मनाशी म्हणतो की पानिपतच्या त्या तिसऱ्या लढाईतून आपण परत येऊ की नाही कोण जाणे.

मी पेन खाली ठेवलं. तिसरी? पहिली 1526ची, दुसरी 1556ची, हे शाळेच्या पुस्तकातले आकडे आपले. त्या शिलेदाराला तिसरी म्हणून काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पानिपतलाच लढायचंय हेदेखील त्या वसंतात कुणाला ठाऊक नव्हतं. उलट फेब्रुवारी 1760मध्ये उदगीरला निजामावर मोठा विजय मिळालेला होता. ही माणसं जिंकून आलेली होती. त्यांच्याबरोबर बायकामुलं निघाली, तीर्थयात्रेला जाणारे निघाले, कारण एवढ्या मोठ्या फौजेच्या आश्रयाने काशी-प्रयाग घडेल असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब मूर्खपणाचा नव्हता. ऑगस्टात दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा. 14 जानेवारी 1761 आपल्याला पाठ आहे, म्हणून त्याआधीचे सगळे महिने आपल्याला काळवंडलेले दिसतात. त्यांना ते तसे दिसत नव्हते.

ऐतिहासिक कथा-कादंबरीचं लक्षण काय, असं मला कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते, की गेलेल्या माणसांचं अज्ञान ती त्यांना परत देते. वाचकाला शेवट ठाऊक आहे, पात्राला नाही. या दोन टोकांमध्ये दोरी ताणून धरणं हे लेखकाचं काम. पोशाख, हत्यारं, वाड्यांचे चौक, सनावळी ही सगळी त्या दोरीची देखभाल. दोरी सैल पडली की उत्तम पोशाख घातलेली आजचीच माणसं उरतात.

इतिहासलेखकाला हे करता येत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याला कारणं सांगायची असतात, म्हणून तो शेवटाकडून मागे येतो. कादंबरीकाराला पुढून चालत जावं लागतं, पात्राच्या वेगाने.

वेग हा शब्द मी मुद्दाम वापरला. बातमीचा वेग ज्याला कळला त्याला जुना काळ अर्धा कळला असं माझं मत आहे. ट्रफाल्गारची आरमारी लढाई 21 ऑक्टोबर 1805ला झाली, इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन त्यात मेला, आणि लंडनला ते कळलं 6 नोव्हेंबरला. मधले सोळा दिवस लंडनमध्ये नेल्सन जिवंत होता. त्याहून क्रूर उदाहरण न्यू ऑर्लिन्सचं. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यातल्या तहावर 24 डिसेंबर 1814ला युरोपात सह्या झाल्या, आणि दोन आठवड्यांनी, 8 जानेवारी 1815ला, तिकडे अमेरिकेत घनघोर लढाई झाली, माणसं पडली, कारण तहाची खबर अजून समुद्रावर होती. अशा एका सैनिकाची गोष्ट लिहायची तर त्याला काहीही कळू न देता लिहावी लागेल. वाचकाचा जीव तुटेल तो त्यामुळेच.

आपल्या प्रुफांत मात्र टिटवी ओरडते. मोहिमेच्या आदल्या रात्री टिटवी ओरडते, दिवा फडफडतो, सूर्य झाकोळतो, कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकते. शकुन-अपशकुन त्या माणसांच्या मनात होतेच, ते लिहायला हवेत. पण जिंकलेल्या मोहिमांच्या आदल्या रात्रीही टिटव्या ओरडल्याच असतील, त्या कादंबरीत कुठे येत नाहीत. म्हणजे ही टिटवी त्या रात्रीची नसते. लेखकाला निकाल माहीत असतो आणि तो पक्ष्याच्या चोचीतून आगाऊ फुटतो. टिटवी आली की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या पानावर एका माणसाची आशा लेखकाने काढून घेतलेली असते.

ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार किती जुना, हे शोधायला गेलं तर एका जागी थांबता येत नाही. चीनमध्ये चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचोंगच्या नावावर असलेली 'तीन राज्यां'ची प्रचंड कादंबरी आहे, तिच्यातल्या घटना दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या. अठराव्या शतकात तिथल्याच झांग श्वेचेंग नावाच्या विद्वानाने तक्रार केली की तिच्यात सात भाग खरं आणि तीन भाग कल्पित असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. ही तक्रार वाचून मला माझ्या बाई आठवल्या. आपल्या बखरींतही संवाद आहेत, आवेश आहे, लेखकाचं प्रेम आणि राग आहे. गोष्ट सांगायची ओढ कागदपत्रांच्या बरोबरीनेच आपल्याकडे आलेली आहे.

पण आज आपण ज्याला ऐतिहासिक कादंबरी म्हणतो तिची घडण वॉल्टर स्कॉटने 1814 साली 'वेव्हर्ली'त केली असं सर्वसाधारणपणे मानतात. तिच्या जन्माची हकीकत स्कॉटने स्वतःच लिहून ठेवलीय. काही प्रकरणं लिहून झाली, एका मित्राला ती रुचली नाहीत, स्कॉटने कागद एका जुन्या मेजाच्या खणात टाकून दिले. पुढे कितीतरी वर्षांनी पाहुण्यासाठी मासेमारीचं सामान शोधताना ते कागद हाती लागले. कादंबरी निनावी छापली गेली. तिचं उपशीर्षक होतं, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. विषय 1745चं स्कॉटलंडमधलं बंड. स्कॉटचा जन्म 1771चा, पण त्या बंडात लढलेली म्हातारी माणसं त्याने लहानपणी ऐकलेली होती.

स्कॉटने केलेली खरी मोठी गोष्ट नायकाच्या निवडीत आहे. बंडाचं नेतृत्व करणारा राजपुत्र त्याने मध्यभागी ठेवला नाही. एडवर्ड वेव्हर्ली हा एक साधासा, जरा हळवा इंग्रज तरुण अधिकारी. एका बाजूचा गणवेश अंगावर, दुसऱ्या बाजूची माणसं मनात भरलेली. त्याच्या डोळ्यांनी दोन्ही छावण्या दिसतात. हंगेरियन समीक्षक ग्यॉर्गी लुकाच याने 1936-37मध्ये मॉस्कोत बसून ऐतिहासिक कादंबरीवर जो ग्रंथ लिहिला त्यात या 'मधल्या' नायकाला फार महत्त्व दिलंय. त्याचं आणखी एक म्हणणं मला पटतं. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धं यांनी लाखो सामान्य माणसांना घरातून ओढून काढलं, तेव्हा प्रथमच इतक्या लोकांना जाणवलं की इतिहास हा राजांच्या अंगणात घडणारा प्रकार नाही, तो आपल्या उंबऱ्यात येतो. ही जाणीव आल्यावरच अशी कादंबरी लिहिली जाऊ शकली.

मराठीत रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' 1871ची. शिवकाळाची पार्श्वभूमी, कथानक कल्पित. पेशवाई बुडाल्याला तेव्हा 53 वर्षं झाली होती. पुढे आपट्यांनी एकोणिसावं शतक संपता संपता 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' क्रमशः दिली. तिच्यातले रंगराव अप्पा आदिलशाहीचे इमानी किल्लेदार, मुलगा नानासाहेब स्वराज्याच्या बाजूला ओढला जाणारा. बाप वाईट नाही, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखणं हाच त्याचा धर्म. आज आपल्याला कोण जिंकणार ते माहीत असल्याने मुलगा बरोबर वाटतो. त्या घरात, त्या दिवशी, ते तितकं उघड नव्हतं. 'उषःकाल'ची भाषा आजच्या वाचकाला जड जाते, प्रसंग लांबतात, हे खरं आहे. पण तो बाप-लेकांचा पेच मी पुन्हा पुन्हा वाचते.

मग टॉलस्टॉय. त्याच्याबद्दल लिहायला लागले की मला थांबवत नाही. 1825च्या डिसेंबरात झारविरुद्ध उठाव करून सैबेरियात गेलेला एक माणूस 1856मध्ये परत येतो, अशी गोष्ट त्याला लिहायची होती. पण त्या म्हाताऱ्याला समजून घ्यायचं तर 1825 बघायला हवं. ते बघायचं तर त्याचं तारुण्य, 1812, नेपोलियनची स्वारी. आणि केवळ विजयाबद्दल लिहिण्याची लाज वाटून तो आणखी मागे गेला, 1805च्या पराभवाकडे. 'युद्ध आणि शांती' तिथून सुरू होते, आणि तो म्हातारा कादंबरीत येतच नाही. त्याला समजून घेण्यासाठी मागे गेलेला लेखक तिथेच राहिला.

1867मध्ये टॉलस्टॉय बोरोदिनोच्या रणभूमीवर स्वतः हिंडून आला. त्या लढाईला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती. आणि एवढं पाहून आल्यावर त्याने ती लढाई दाखवली कुणाच्या नजरेने? पिएरच्या. पांढरी टोपी, हिरवा कोट घातलेला, शिपाईगिरी न जाणणारा एक जाडा गृहस्थ तोफांच्या मधून वाट चुकल्यासारखा फिरतो. त्याला डावी बगल, उजवी बगल काही कळत नाही. धूर दिसतो, ओरडणं ऐकू येतं, ओळखीचा झालेला एक पोरगेला अधिकारी डोळ्यांदेखत कोसळतो. नकाशा लेखकाच्या खिशात आहे, पिएरला त्याने तो दिलेला नाही. रशियन सेनापती कुतुझोव्ह तर ऑस्टर्लिट्झच्या, म्हणजे 1805च्या त्या पराभवाच्या, आदल्या रात्रीच्या मसलतीत डुलक्या घेतो. ही डुलकी आणि आपली टिटवी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

इथे मला एक गोष्ट जपून पण स्पष्ट लिहायची आहे. मराठीत 1960नंतर ऐतिहासिक कादंबरी फार लोकप्रिय झाली आणि तिने एक वळण घेतलं. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ती चौदाव्या वर्षी एका बैठकीत वाचली आणि माधवराव गेल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. या वळणाबरोबर मधला माणूस हळूहळू मागे सरला आणि थोर पुरुष स्वतःच नायक झाला. त्याच्या मनात शिरायचं, त्याच्या तोंडी संवाद द्यायचे, जन्मापासून मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. या वाटेवर उत्तम कादंबऱ्या झाल्या. पण अडचण अशी, की नायकाच्या प्रत्येक पावलाला त्याच्या थोरवीची आधीच जाण असते. लहानपणी तो खेळतो तेव्हाही पुतळ्यासारखा उभा राहतो. त्याला घाबरू देणं, चुकू देणं, कंटाळू देणं लेखकाला जड जातं, वाचकांनाही आवडत नाही.

ना. सं. इनामदारांनी अनेकदा वेगळी माणसं निवडली, त्याबद्दल मला त्यांचं ऋण वाटतं. 'झेप'चा नायक त्रिंबकजी डेंगळे. इतिहासाने ज्याला खलपुरुषांच्या रांगेत बसवलं असा माणूस. 1816मध्ये तो ठाण्याच्या किल्ल्यातून इंग्रजांच्या कैदेतून निसटला, आणि बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता मराठी गाण्यांतून त्याला सुटकेचा बेत कळवत असे, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी येत नाही. खिडकीखाली घोडा, ओठांवर गाणं. गाणाऱ्याला ठाऊक नाही आतल्याला ऐकू गेलं का, आतल्याला ठाऊक नाही गाणं पुरं होण्याआधी कुणी त्याला हटकेल का. कादंबरीला यापेक्षा अधिक काय हवं असतं?

इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेलने थोर-खल पुरुषाच्या मनात शिरूनही ही अडचण सोडवली, ती व्याकरणाने. तिच्या तीन कादंबऱ्या, 2009, 2012 आणि 2020च्या, टॉमस क्रॉमवेल या लोहाराच्या पोराबद्दल आहेत, जो इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री झाला आणि 1540मध्ये ज्याचं डोकं उडवलं गेलं. शेवट जगाला माहीत. तिने सगळं वर्तमानकाळात लिहिलं. तो जिना उतरतो, तो कागद उलटतो. 'उतरला' म्हटलं की उतरून झालेलं असतं. 'उतरतो' म्हटलं की पुढच्या पायरीवर काय आहे ते त्यालाही माहीत नाही. क्रियापदाच्या एका प्रत्ययात केवढं बळ असतं हे मला, प्रुफांत प्रत्यय तपासणारीला, तेव्हा नव्याने दिसलं.

किती जुनं असलं म्हणजे ऐतिहासिक, यावरही वाद घालतात. स्कॉटच्या नावाने ब्रिटनमध्ये दिला जाणारा पुरस्कार साठ वर्षांची अट घालतो, 'वेव्हर्ली'च्या त्या उपशीर्षकाला मान देऊन. मला आकड्यापेक्षा आपट्यांचंच उदाहरण उपयोगी पडतं. 'पण लक्षांत कोण घेतो?' आणि 'उषःकाल', एकाच माणसाने एकाच दशकात लिहिलेल्या. आज आपल्याला दोन्ही जुन्या. पण पहिलीतली यमू त्यांच्या अवतीभवतीच्या घरांतली होती, तिचं दुःख त्यांनी पाहिलेलं होतं. दुसरीतलं जग त्यांना बखरींतून, ऐकीव गोष्टींतून आणि कल्पनेतून उभं करावं लागलं. जे आठवून लिहिता येत नाही, शोधूनच लिहावं लागतं, तिथून ऐतिहासिक कादंबरी सुरू होते.

शोधायचं कुठे? 1898 साली वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला, त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा रणवाद्यं ऐकू येतील असं वाटलं होतं. पत्रांत काय होतं? पैसा पाठवा. रसद पाठवा. नावा जमवा. भाऊसाहेब उत्तरेत वसुली बघणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा पैशासाठी लिहितात. एवढ्या मोठ्या शोकांतिकेच्या आदल्या महिन्यांची शाई अशी वसुलीच्या आणि धान्याच्या काळजीत खर्ची पडली. मला हे फार हलवून गेलं. ज्यांना आपण नियतीच्या छायेत उभे केलेले बघतो ते प्रत्यक्षात उद्याच्या दाणावैरणीत बुडालेले होते.

भाषेचा प्रश्न मराठीत विशेष अवघड आहे. त्या काळच्या दफ्तरी मराठीत फारसी इतकी, की खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय म्हणून. आज कादंबरीकाराने कोणती मराठी लिहावी? पत्रांतली हुबेहूब लिहिली तर वाचक दुसऱ्या पानावर दमतो. आजची लिहिली तर पात्रं परवाच कॉलेजातून आल्यासारखी बोलतात. मग बहुतेक जण एक तिसरीच भाषा वापरतात, रेशमी, संथ, प्रत्येक वाक्यात जरीचा काठ. ती कधीच कुणी बोलत नव्हतं. मला वाटतं शब्दसंग्रह आजचा चालेल, पण त्या काळी नसलेली कल्पना चालणार नाही. 'राष्ट्रवाद', 'मानसिकता', 'इतिहास घडवणे' हे शब्द पात्राच्या डोक्यातून काढले आणि इमान, अब्रू, वतन, नेमणूक, भाऊबंदकी हे त्यांच्या पुऱ्या वजनासह ठेवले, तर वाक्यरचना साधी असली तरी काळ उभा राहतो.

आणि बाईंचा प्रश्न? त्याचं सर्वांत कठोर उत्तर इटलीच्या मांझोनीने दिलं. त्याची 1827ची कादंबरी सतराव्या शतकातल्या लोंबार्डीची, रेशमाचं काम करणाऱ्या दोन गरिबांच्या अडलेल्या लग्नाची, 1630च्या प्लेगची. भाषेसाठी त्याने ती अख्खी पुन्हा लिहून काढली. आणि नंतर एका निबंधात त्यानेच म्हटलं की इतिहास आणि कल्पित यांचं हे मिश्रण मुळात टिकणारं नाही, कारण वाचक योग्यच विचारतो की यातलं खरं कोणतं. आपल्याच श्रेष्ठ कामावर असा प्रश्न उभा करायला मोठं मन लागतं. मला त्याचा निष्कर्ष मान्य नाही, प्रश्न पूर्ण मान्य आहे. म्हणून मी माझ्या लेखकांना आग्रह करते की शेवटी चार पानं जोडा. काय सापडलं, काय जोडलं, कुठली तारीख सरकवली. आपल्याकडे कितीतरी लोकांचा इतिहास कादंबरीतूनच आलेला असतो, कादंबरीकाराने रचलेला संवाद भाषणांत महाराजांचे शब्द म्हणून फिरतो. ती चार पानं हे वाचकाचं देणं आहे. फ्रेंच लेखिका मार्गरीत युर्सनारने 'हेड्रियनच्या आठवणी'च्या शेवटी अशी पानं दिलीत, आणि त्यामुळे त्या रोमन सम्राटाचा आवाज तसूभरही कमी झालेला नाही.

तिचीही एक खणातलीच गोष्ट आहे. तरुणपणी सुरू करून सोडलेलं ते पुस्तक. महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये राहिलेली तिची पेटी 1940च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तिच्यापर्यंत पोचली. जुनी पत्रं चाळून जाळताना एक कागद निघाला, सुरुवात 'प्रिय मार्क'. हा मार्क कोण, तिला आठवेना. मग उमगलं की हे आपण स्वतःच लिहिलेलं आहे, मार्क म्हणजे मार्कस ऑरेलियस, आणि हे मरणाच्या दारातल्या हेड्रियनचं पत्र आहे. त्या दिवसापासून तिने पुस्तक पुन्हा हाती घेतलं. ते 1951मध्ये आलं.

माझ्याही खणात एक वही आहे, अकरा वर्षांची. मागच्या महिन्यात मी ती बाहेर काढली. पानिपतानंतर दक्षिणेकडे निघालेल्या एका पत्राची ती गोष्ट. दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हा सावकारी भाषेतला निरोप आपण सगळे ओळखतो. मोती कोण तेही आपल्याला माहीत आहे. माझा नायक ते पत्र नेणाऱ्या जासूदांपैकी एक आहे. त्याला वाचता येत नाही. पत्र वाचता आलं असतं तरी त्याला ते एखाद्या पेढीच्या नुकसानीचं वाटलं असतं. तो फक्त पोचवायला निघालाय.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याला नर्मदेच्या काठावर आणून सोडलं होतं. संध्याकाळ, पलीकडे जायची घाई, आणि लिहिलं होतं, "कमरेच्या पिशवीतला तो कागद त्याला आज विलक्षण जड वाटू लागला." हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. परवा रात्री लाल पेनाने मी त्याच्या समासात "आधार?" लिहिलं आणि मग ते खोडलं. कागद जड वाटतोय तो मला. त्याची वहाण तुटलीय, अंगठा सोलवटलाय, आणि पलीकडे गेल्यावर चांभार कुठे मिळेल याची तो काठावरच्या माणसांकडे चौकशी करतोय. नाव आली आहे. नावाडी म्हणतो, आणखी चार माणसं झाल्याशिवाय सोडणार नाही. जासूद बसतो, वहाण काढून मांडीवर घेतो, आणि मोकळ्या पायाने पाणी ढवळत चार माणसांची वाट बघतो.